बासष्ट खुर्च्या

माझं बिछायत केंद्र आहे, तांडापेठेत.
गाद्या, सतरंज्या, कनाती, चहाचे दोन थर्मास
आणि लाल प्लास्टिकच्या बासष्ट खुर्च्या.
इकडचं बारसं, तिकडचा वलीमा,
कोणाची तेरवी, कोणाचा चाळिसावा.
पुसायचं फडकं एकच.

शांतता समिती म्हटलं की मी हसायचो.
सणाच्या आठ दिवस आधी ठाण्यातून बोलावणं,
अर्धा कप चहा, दोन बिस्किटं, एक फोटो.
फोटोत मागे मी,
कारण खुर्च्या माझ्या.

त्या रात्री चहा नव्हता.
संध्याकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर
कोणाचं तरी जळतं घर आलं
(आपल्या गावचं नव्हतंच ते, पण हे कळलं चार दिवसांनी)
आणि नाल्याच्या दोन्ही अंगाला पोरं जमू लागली.
खिशात काय आहे
ते खिशाच्या लोंबण्यावरून दिसत होतं.

नऊला यादोराव निनावे आले. पायात चप्पल नाही.
"खुर्च्या काढ."
"कुठं नेता?"
"पुलावर."
"किती?"
"हायेत तितक्या. अन् विचारत नको बसू."

पुलावर कनीज आपा आधीच उभ्या, हातात खडू.
तीस वर्षं गणित शिकवलेली बाई.
"जमावबंदी आहे. पाच जमले तर गुन्हा," म्हणाल्या,
"म्हणून चार-चार."
डांबरावर चौकोन आखले, मधे हातभर रस्ता सोडून.
पंधरा चौकोन, साठ माणसं.
बाकी दोन.

लूम बंद करून लुकमान आला, कानात कापूस तसाच.
मेयोतली ड्यूटी संपवून सुलभा मेश्राम आली
आणि आधी तिनं सुजलेले पाय चपलांतून काढले.
हेडाऊंच्या तिघी जावा तुरीची डाळ घेऊन आल्या,
"बसायचंच हाय त निवडून तरी होते."
घोषणा नाही. भाषण नाही.
एकच ठरलं होतं, उठायचं नाही.

मी उरलेल्या दोनांतल्या एकीवर बसलो.
खरं सांगतो, खुर्च्यांची काळजी म्हणून बसलो.

बारा वाजले तरी डांबर तापलेलं.
पहिला दगड नाल्यात पडला.
दुसरा लुकमानच्या खुर्चीच्या पायावर.
तो कलंडला, हात टेकून उठला,
खुर्ची सरळ केली
आणि परत बसला, तिरकाच.
सुलभानं त्याच्याकडे पाहिलं, दगड आला तिकडे नाही.

तिसरा आला नाही.
का आला नाही, मला माहीत नाही.
अहवालात लिहिलंय, 'नागरिकांच्या पुढाकाराने'.
मी तिथं होतो.
मला आठवतो तो फक्त
सुपात डाळ फिरल्याचा आवाज.

आणि हेही लिहायला हवं होतं
की मागच्या गल्लीत दोन दुकानं जळाली त्याच रात्री.
तिथवर आम्ही पुरलो नाही.

पहाटे चारला साहेब आले. बोटानं मोजू लागले,
चार, चार, चार.
कलम आठवत जरा वेळ थांबले.
मी रिकामी खुर्ची पुढे सरकवली.
बसले नाहीत.
पण टोपी काढून ठेवली तिच्यावर.

आठवड्यानं कनीज आपा दुकानात आल्या, भाड्याचे पैसे घेऊन.
दहा-दहाच्या नोटा, नाल्याच्या दोन्ही काठांच्या,
घामानं एकमेकींना चिकटलेल्या.
म्हटलं, राहू द्या आपा, याचं काय भाडं घेऊ?
"फुकट दिलंस," त्या म्हणाल्या,
"तर पुढच्या खेपेला मागायला लाज वाटेल.
पावती फाड."

फाडली.
बासष्ट खुर्च्या, एक रात्र.
'कार्यक्रम' असा रकाना असतो आमच्या पावतीवर.
पेन तिथं बराच वेळ थांबलं,
मग मी लिहिलं, 'बसणं'.

मोडका पाय तारेनं बांधलाय.
परवा एक पोरगा बहिणीच्या लग्नाला खुर्च्या ठरवून गेला.
निघताना ती तार दोनदा चाचपली त्यानं.
तोच असेल, नसेलही.
मी अॅडव्हान्स मोजून घेतला
आणि ती खुर्ची बाजूला काढली नाही.