आज कुठेच जायचं नाही

सहावा दिवस. काल तीनदा
होडी डोक्यावर पालथी घेऊन घळी चढलो,
दलदलीनं माझा एक बूट ठेवून घेतला,
आणि रात्रीच ठरलं : उद्या कुठेच जायचं नाही.

सकाळी आदेलारनं मनगटावरचं घड्याळ काढून मोज्यात घातलं,
मोजा पाइनच्या फांदीवर वाळत टाकला.
मग कवळी काढून मगात ठेवली.
सुटीच्या दिवशी तो दातांनाही सुटी देतो.

लापशीत ब्लूबेऱ्या. दुसऱ्यांदा कॉफी.
तिसऱ्यांदा त्याच चोथ्यावर पाणी.
मी सपाट खडकावर उताणी,
बावीस वर्षांच्या रात्रपाळ्या
एकेका मणक्यातून खाली उतरू देत.
इथे कुठल्याच खाटेवरून बेल वाजत नाही.
डास तेवढे येऊन नाडी बघतात.

माएलनं पाहिलं. ती अकरा वर्षांची आहे.
"आजोबा, होडी निघाली."

निघाली म्हणजे खरंच निघाली होती,
दोर शेपटासारखा मागे ओढत,
रिकामी, म्हणून जरा ताठ्यात,
नाक इकडे, नाक तिकडे,
बाजारात पहिल्यांदाच एकट्या आलेल्या मुलीसारखी.

गाठ कुणी मारली होती?
मी आदेलारकडे पाहिलं, आदेलारनं धुराकडे.
हर्स्टच्या लाकूडगिरणीत चाळीस वर्षं
ओंडके बांधलेला माणूस.
"जाईल कुठे," तो बोळक्या तोंडानं म्हणाला,
"तळ्याला दार एकच,
आणि वारा त्याच्याकडे पाठ करून उभा आहे."
त्यानं चोथा पुन्हा उकळायला ठेवला.

तर दिवस असा गेला, होडी बघण्यात.
माएलनं बर्चच्या सालीवर तळं काढलं
आणि कोळशानं एकेक टिंब :
इथे लव्हाळ्यात अडकली.
इथे सुटली.
इथे लून आली, पिल्लू पाठीवर घेऊन,
होडीला एक वळसा घातला,
घेण्यासारखं काही नाही बघून गेली.
इथे बेटाशी थांबली.
इथे, तिच्या अक्षरात, "कंटाळली".

होडीतली पुढची पट्टी फेर्नांदची. माझी बहीण, त्याची बायको.
तिच्या बसण्यानं वेताची जाळी खोलगट झाली आहे,
त्या खोलगटात या उन्हाळ्यात माएल बसते.
आदेलारनं दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही.
मग म्हणाला, "अजून उजवीकडेच वळते.
जन्मभर डाव्या बाजूनंच वल्हवलं, किती सांगितलं तरी."
आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन
लाकडं फोडायला गेला.
लाकडं पुरेशी होती.

संध्याकाळी वारा पडला.
होडी तळ्याच्या मधोमध, आता हलेचना.
आदेलारनं आभाळ पाहिलं, आपले गुडघे पाहिले,
शेवटी माझ्याकडे पाहिलं.

लाइफ जॅकेट चढवून मी उतरले.
वरचं वीतभर पाणी कोमट, त्याखाली एप्रिल,
बर्फ नुकता गेलेला.
किती वर्षांनी पोहत होते, मोजत बसले नाही.
दोर दातांत धरला. शेवाळाची चव, थोडी रॉकेलची.
वळले तर होडी मुकाट मागून आली,
दावं ओढल्यावर निघते तशी गाय,
घाई न करता.

या गडबडीत काठीला गुंडाळलेला पाव
पार कोळसा झाला होता.
लोणी लावून खाल्ला. लोणी लावलं की काहीही खाता येतं.

झोपण्यापूर्वी आदेलारनं तीन गाठी मारल्या,
त्यासाठी कवळी घालून, गंभीरपणे.
माएलचा काही विश्वास बसेना.
दोराचं टोक तिनं तंबूत आणलं
आणि पायाच्या अंगठ्याला बांधलं.

तीन वाजले असावेत. त्या वेळेला मला जाग येतेच,
खाटांवरून फेरी मारायची वेळ.
इथे एकच फेरी : दोर ताणला जात होता,
सैल पडत होता,
आणि झोपेत तिचा अंगठा हलत होता, तेवढाच.
घड्याळ बाहेर राहून गेलं होतं,
मोज्यात, दवात.