तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं

जुनी विंडोज पुसली, लिनक्स घातलं,
पेनड्राइव्हवरून, वीस मिनिटांत.
स्काईद्रीतेबाई म्हणाल्या, उघडतंय की झटकन,
आणि हातमोज्यांच्या पिशवीतून सीडी काढली.
वर निळ्या शाईत: पेट्या १ ते ९, फेब्रुवारी २००६.
अक्षर विस्वाल्डिसचं. तो जाऊन सहा वर्षं झाली.

बटण दाबलं. ट्रे बाहेर आला,
वेडावणाऱ्या पोराच्या जिभेसारखा.
सीडी ठेवली, ट्रे आत गेला,
आणि पडद्यावर ढिम्म काही नाही.

डिस्कांची यादी काढली.
एक डिस्क, तिचे दोन तुकडे, संपलं.
ड्राइव्हच्या नावानं विचारलं
तर यंत्र म्हणालं, त्या नावाचं इथं कुणी राहत नाही.
मोड्यूलला हाक मारली;
तो केव्हाचाच येऊन बसला होता, काम नसल्यासारखा.
परवानग्या पाहिल्या. बाईंना गटात घातलं.
कुठल्या गटात, त्यांनी विचारलं.
सीडी वापरणाऱ्यांच्या.
असा गट असतो? म्हणाल्या, किती जण आहेत?
तुम्ही एकट्याच, मी म्हटलं.

बायोसमध्ये शिरलो. सगळे पोर्ट चालू.
काचेबाहेर वेंता नदी काठाकाठानं गोठलेली,
मधोमध एक काळी रेघ वाहत होती.
तीन वाजता कुल्डीगाचे दिवे लागले.

बाई घाई करत नव्हत्या.
थंडीत पेटी उघडायची नसते, त्या सांगत होत्या,
ऊब गेली की माश्या गेल्या.
म्हणून बोटाच्या पेरानं टकटक करायची नि कान लावायचा.
एकदाच गुणगुणून गप्प झाल्या, तर बरं चाललंय.
हुंदका लांबला, तर राणी नाही.
विस्वाल्डिसला ऐकू कमी यायला लागलं
तेव्हा त्यानं मायक्रोफोन आणला.
तू पण वाजवून बघ ना, गुंतीस.

मी हसलो. पण डबा आडवा केला,
चार स्क्रू काढले, झाकण सरकवलं.
लाल केबल लोंबत होती, कशालाच न लावलेली.
मंगळवारी नवी डिस्क बसवताना
माझ्याच कोपरानं निसटलेली.
वीज पोचत होती, बोलणं पोचत नव्हतं.
आणि मी अडीच तास लिनक्सला बोल लावत होतो.

खट्. पुन्हा सुरू केलं.
आता नाव आलं, शेवटी शून्य लावून.
माउंट करायला गेलो, तर साफ नकार:
फाइल सिस्टिम ओळखता येत नाही.
माझा चेहरा पडला असावा,
कारण बाईंनी पावाचा तुकडा पुढे केला.
तो चघळताना कळलं. माउंट काय करायचंय?
आत फायली नव्हत्याच. नुसता आवाज होता.

प्लेअर उघडला.
बुटांखाली करकरणारा बर्फ.
एका माणसाचं खाकरणं. एक, तो म्हणाला.
टक टक. गुंजन, आणि शांतता.
दोन. टक टक.
सातवीला गुंजन थांबेना.
ती एप्रिलात रिकामी निघाली, बाई म्हणाल्या,
त्याला तेव्हाच कळलं होतं, मला सांगितलं नाही.
आठवीच्या आधी तो थोडा वेळ गप्प आहे.
तेवढा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

पैसे घेतले नाहीत, चूक माझी होती.
तरी टेबलावर मधाची बाटली ठेवून गेल्या,
झाकणाला चिकट असलेली.

रात्री सकाळचा लॉग काढला.
तिसऱ्याच ओळीत होतं: पोर्ट तीन, जोडणी नाही.
सुरू झाल्यावर दीड सेकंदात
यंत्र सांगून मोकळं झालं होतं.
मग खालच्या ओळीही वाचल्या, पहिल्यांदाच सगळ्या,
नऊशे चौदा.
किटली तशीच निवली.