दोन शतांश

उद्यमनगरात माझं पत्र्याचं शेड. दोन लेथ,
आणि एक शेपर, वडिलांच्या वेळेपासून खोकत चालणारा.
दस्तगीर शिकलगार रोज दुपारी यायचा,
दारातल्या रिकाम्या ऑईलच्या डब्यावर बसायचा.
आयटीआय टर्नर, एकोणसत्तर टक्के.
शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत सतरा गेटं झाली,
प्रत्येक खिडकीतनं एकच वाक्य बाहेर आलं:
अनुभव आणा.

'अण्णा, हा अनुभव कुठल्या पेठेत मिळतो ओ?'
मी हसायचो.
एका दुपारी हसू आलं नाही.
माझ्याकडं काम दीड माणसाचं,
आणि मी एकटाच दीड माणूस.

राजारामपुरीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर
वैजयंतीबाई घोरपडे जर्मन शिकवायच्या.
देर, दी, दास,
खाली पट्टा फिरायचा, वर पोरं घोकायची,
वह्यांवर ज्वारीचं पीठ बसायचं.
वर्षभर तिकडच्या कारखान्यात काम, राहायला खोली,
हातखर्चापुरते पैसे, असा कागद बाईंनीच आणला.
मला वाटलं, फसवणूक.
आमच्या साडूचा पोरगा एजंटाला दोन लाख देऊन
दिल्लीवरनंच परत आला होता.
मी जाऊन स्पष्ट विचारलं, 'बाई, तुमचे किती?'
त्या म्हणाल्या, 'त्याच्याकडं मागच्या महिन्याची फी आहे. तेवढी.'

आणि त्या फॉर्मातही एक रकाना होता: पूर्वानुभव.
मी लेटरहेड शोधलं, धूळ झटकली, लिहिलं,
'सदर इसम माझ्या दारात दोन वर्षे बसला.
एकदाही उशिरा आला नाही.'
शिक्का मारला. काय माहीत, त्यानंच काम झालं असेल.

गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
पहिल्या महिन्यात फोन आला, आवाज बारीक.
'अण्णा, मशीनला हात लावू देत नाहीत.
एक लोखंडाचा ठोकळा दिलाय, एक कानस.
घासतोय.
मास्तर पट्टी ठेवतो, खिडकीकडं धरतो,
खालनं उजेड दिसला की परत.'
सहा आठवडे घासत होता.
आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी संपली,
बोटांवरचे फोड फुटून वाळले,
उजेड काही बंद होईना.
मी म्हटलं, एवढं कशाला रं, आपल्यात चालतंय.
तो गप्प झाला. मला वाटलं, लाईन गेली.

परत आला तेव्हा गल्लीनं पगार विचारला,
लहान पोरांनी चॉकलेट मागितलं.
त्याच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक कानस होती.
एक गेट म्हणालं, बाहेरचा अनुभव आम्ही धरत नाही.
दुसरं म्हणालं, तेरा हजार.
तो पुन्हा माझ्या दारात आला,
पण डब्यावर बसला नाही.

पंपाचा शाफ्ट होता, माझ्या हातचा,
चाळीस वर्षं असेच काढलेले.
त्यानं मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला,
आणि खाली बघत म्हणाला,
'अण्णा, दोन शतांश जास्त आहे. परत.'
मला!
शेजारच्या शेडातला ग्राइंडर बंद पडल्यासारखा वाटला.
मी चहाला म्हणून निघून गेलो,
चहा घेतला नाही,
कोपऱ्यावर उभा राहून रागाचे दोन हप्ते भरले,
आणि येऊन शाफ्ट पुन्हा लेथला चढवला.

आता संध्याकाळी दारात तीन डबे असतात.
सिद्राम, ऋतुराज, आणि गिरणीवाल्याची तबस्सुम,
जी बारावीला दोनदा अडकली.
तेरा हजारातनं उरलेल्या वेळात तो तिघांना घासायला लावतो.
तबस्सुमचा फॉर्म भरायचाय, लेटरहेड मी काढून ठेवलंय,
या वेळी जरा बरं काहीतरी लिहायला मिळेल.

काल ती ठोकळा घेऊन दारात उभी राहिली,
पट्टी ठेवून एक डोळा मिटला,
समोर मावळतीचं ऊन.
'दिसतोय का गं?' मी विचारलं.
'दिसतोय, अण्णा. केसाएवढा.'
दस्तगीर आतनं काही बोलायच्या आधीच
तिनं कानस उचलली.