आढे-वेढे

ऑस्मोचा डावा गुडघा गेला तो पडून नव्हे,
खोकी वाहून.
चार फुटी ताठ तुकडे, दहांचं एक खोकं,
शिडी अठ्ठावीस फूट,
आणि सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा,
ज्याच्या लेखी प्लास्टिकची पट्टी म्हणजे शीडच.

"याची वळकटी का नाही करत कुणी?"
त्याची मेहुणी व्हर्ना गॅरेजात म्हणाली,
आणि कुणीच करेना म्हणून स्वतः बसली.

पहिला नमुना वीस फूट.
गुंडाळला की बादलीएवढा,
काखेत मावला, ट्रकच्या सीटमागे मावला.
रात्रभर गारठून सकाळी आढ्यावर गेला तेव्हा
उलगडला की मिटे,
दाबून धरला की दुसरं टोक उठे.
वेढ्यात जन्मलेल्या वस्तूला
सरळ होणं आठवेना.
मराठीत याला नेमका शब्द आहे;
व्हर्नाकडे तो नव्हता,
तिने फिनिश शिवीवर भागवलं.

तिच्या खोलीत मार्चमध्ये छत ठिबकायचं.
पाऊस नव्हे. हिवाळाभर शिजवलेलं सूप,
सॉनाची वाफ, वाळत घातलेले मोजे,
झोपेत टाकलेले उसासे,
सगळं माळ्यावर जाऊन
खिळ्यांच्या टोकांवर पांढरं गोठलेलं
एकदम वितळायचं.
घराने एवढे दिवस
श्वास आत घेऊन ठेवलेला.

तीन नमुने भंगारात गेले.
मग एकदा बापाचं अकॉर्डियन पेटीत ठेवताना
तिचे हात थांबले.
गुंडाळायचं नाही. निऱ्या घालायच्या.
दर फुटाला बिजागरी,
दर बिजागरीशी खिळे आधीच रोवलेले,
कारण दातांत खिळे धरले
की माणसाला धड कण्हताही येत नाही.

नोव्हेंबर. ऑस्मो चढला.
गठ्ठा पाठीवर, दोन्ही हात शिडीला.

व्हर्ना माळ्यावर, टॉर्च विझवून.
आढ्यात कापलेली फट
वर उजेडाची लांब रेघ.
एक निरी, चार ठोके,
रेघ फूटभर मंदावली.
पुन्हा चार.
गुडघ्यासाठी मध्ये एक विश्रांती.
पुन्हा चार.
शेवटी अंधार, पण पुरता नाही;
करडा, सच्छिद्र.
तिने चिमूटभर पीठ हवेत सोडलं.
ते क्षणभर घुटमळलं
आणि वर निघालं.

कौलांवरून आवाज आला,
थोडा नाराजच:
"एवढंच?"