मापवही

फहाहीलच्या सूकमागे, मासळीच्या लिलावाचा वास
दुपारपर्यंत रेंगाळतो त्या गल्लीत माझं दुकान.
पाटीवर अरबीत ‘खय्यात’,
खाली बारीक अक्षरात याकूब हुर्जुक, बाणकोटचा.
मापं मी अजून मराठीतच लिहितो.
कुणी वहीत डोकावलंच, तर वाटावं
मुंग्या चालल्यात रांगेनं.

पान सत्तावन्न. मुतलक, वैमानिक.
उंची एकाहत्तर, छाती एक्केचाळीस, खांदा साडेअठरा.
कापड हवाई दलाचं, टाके माझे.
आरशासमोर असा उभा राहायचा
की आरशानंच सलाम ठोकावा.

अठ्ठ्याऐंशीत विमान सोडून उडी घ्यावी लागली त्याला
सालमीच्या वाळूत. बरा होऊन आला, टेप लावली :
साडेसत्तर.
पुन्हा लावली. साडेसत्तर.
“खुर्ची वर उडते ना मास्तर, मणके दबतात,” म्हणाला,
“अर्धा इंच वरच राहिला.”
मी जुना आकडा खोडला नाही. शेजारी नवा लिहिला.

पुढे मुकद्दम झाला. मला हसू आलं.
आमच्याकडे मुकादम रस्त्यावर मजूर मोजतो, मी सांगितलं.
तो हसला नाही.
“मोजणाऱ्याला नावं पाठ असावी लागतात,” म्हणाला.

मग एका रात्री शटर अर्धं ओढल्यावर आला,
प्लास्टिकच्या पिशवीत गणवेश.
“खांद्यावरचं सगळं उसव.”
सुट्या भागांच्या खरेदीचा हिशेब मागितला होता म्हणे त्यानं,
आणि वरून निरोप आला होता, मापात राहा.
मुकुट निघाला, तारा निघाला.
टाक्यांची भोकं मात्र इस्त्रीनं बुजेनात.
न्यायला येतो म्हणाला. अजून आलेला नाही.
पडद्यामागे टांगलाय.

पक्ष म्हणायची इथं सोय नाही, म्हणून गट म्हणतात.
गटाचा तंबू समुद्राकडच्या रस्त्याला.
मी मागे, पाण्याच्या पिंपापाशी, मिसरी ज्यूसवाल्याच्या शेजारी.
मला मत नाही. इकामा आहे.
माझी अरबी बाही, गळा, उद्या, दीनार एवढीच,
त्या भाषणातून मला ओळखता आला एकच शब्द :
हिशेब.
तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा दिशदाशाच्या बाहीखाली
मूठ वळलेली, अंगठा शिवणीवर,
कवायतीतल्या सावधानसारखा.
ती बाही मीच शिवली होती, जरा आखूड.

आठवड्यानं दोघे आले. साधे कपडे, महाग बूट.
“तो इथं काय बोलतो?”
इंचात बोलतो, साहेब.
हसले नाहीत. वही उलटीसुलटी पाहिली,
मुंग्या पाहिल्या, बोटानं एक मुंगी दाबून विचारलं, हे काय?
छातीचा आकडा, मी म्हटलं,
आणि माझ्या स्वतःच्या छातीत
शिवणयंत्राचा पट्टा सुटल्यासारखं झालं.
घरी चार जणांचं पोट या सुईवर. मी काही शूर नाही.

चौदा महिन्यांनी तो सुटला.
दारात उभा राहिला तेव्हा गिऱ्हाईक समजून
मी “बसा” म्हणालो.
टेप लावली. अडतीस.
पेन्सिल उचलली, त्यानं मनगट धरलं.
“एक्केचाळीसचाच शिव.”
झोळ पडेल, बू-नायफ. गुरुवारी दिवाणियात पन्नास माणसं असतील,
कापड अंगावर लोंबेल.
“धावपट्टीशेजारी वाऱ्याची दिशा दाखवायला
कापडी नळी टांगतात, पाहिलीयस?”
पाहिलीय.
“घट्ट शिवतात ती?”

बाहेर अहमदीच्या तेलभट्टीची ज्योत
एका बाजूला कललेली होती. कुठल्या, ते पाहायचं राहिलं,
मी कापड पसरत होतो.

पान सत्तावन्न भरलंय. पुढचं पान एका नवरदेवाचं.
म्हणून समासात, आडवं लिहिलं :
मुतलक. मापं जुनीच.
गुरुवारी द्यायचं, पैसे आगाऊ मिळाले.