जाळरेषा

माघ सरता सरता
आम्ही खराटे घेऊन निघालो गोरेवाड्याला.
तिसरी ब, एकतीस पोरं,
सतरा खराटे शाळेचे, उरलेले ज्याच्या त्याच्या घरचे,
शाहीनने मात्र आणला फुलझाडू,
गुलाबी दांड्याचा, लेबलसुद्धा न काढलेला.

काटोल नाक्यावर बस थांबली तेव्हा
बोरं विकणाऱ्या बाईने खिडकीतून विचारलं,
कुठं चालली वरात?
जंगल झाडायला, मी म्हटलं.
ती हसली, "आता झाडाले बी झाडता का बाई?"
तो शब्द बसमध्ये चढला तो उतरलाच नाही.
झाडं झाडा, झाडून सारी झाडं झाडा,
पोट्टे गेटापर्यंत ओरडत राहिले.

वनरक्षक भलावी
उन्हाने विटलेल्या खाकीत उभे होते, हातात दाताळं.
"या खांबापासून थ्या सागापावतर.
चार हात रुंद. खालची माती दिसली पाह्यजे.
बाकीच्या जंगलाले हात नाई लावायचा."
"काहून?" निशिकेतने विचारलं,
तो मलाही रोज तेच विचारतो.
"आग चालत येते बाबू.
पानापानावर पाय ठेवत.
पान नाई भेटलं, त थांबते."

मग सुरू झाला आवाज.
सागाचं वाळलं पान पत्रावळीएवढं,
एकतीस जणांनी ओढलं
की वाटतं कोणी पापडांचं पोतं फरफटत नेतंय.
एक टिटवी आम्हाला शिव्या देत डोक्यावरून गेली.
धूळ नाकात, धूळ डब्यातल्या पोळीत,
कोणाला फोड आला, त्याने तो सगळ्यांना दाखवला.

दामिनीने एक पान उचललं
आणि खराटा खाली ठेवला.
खाली सापसुरळी, तांब्याच्या तारेसारखी,
दिसली न दिसली तोवर गेली.
मग कोणाचा खराटा चालेना.
बेहड्याचं बी, त्याला कोणीतरी पाडलेलं भोक.
वाळवीने लिंपलेली काडी.
दोन पानं पांढऱ्या दोऱ्याने एकमेकांना धरलेली,
आणि टिकेश हेडाऊ,
ज्याच्या घरात अजून एक माग खटखटतो,
दोरा बोटाला न लावता वाकून म्हणाला,
"हे कोणं विणलं?"
भलावी म्हणाले, बुरशी.
टिकेशला ते पटलं नाही.

तेव्हा दामिनी माझ्याकडे वळली.
"बाई, तुमी त फळ्यावर लिवलं होतं,
पाचोळा म्हंजे कचरा."

लिहिलं होतं.
कचऱ्याचे प्रकार दोन, ओला आणि सुका,
सुक्याचं पहिलंच उदाहरण.
एकतीस वह्यांत लाल पेनाने
मी बरोबरची खूण केली होती.

मी पदराने चष्मा पुसला.
"खोडून टाकू," म्हटलं.
"पेनाने लिवलं हाये," ती म्हणाली.

सोमवारी शाळेत
सुभद्राबाई नेहमीसारख्या कडुनिंबाखाली
पानांचा ढीग करून काडेपेटी शोधत होत्या,
तर झाडाभोवती खडूचा भला मोठा गोल
आणि गोलावर बसलेली अख्खी तिसरी ब.
मुख्याध्यापक आले. प्रार्थना उशिरा झाली.
ठरलं ते एवढंच,
गोलाच्या आत झाडायचं नाही,
बाहेर सुभद्राबाईंचं राज्य.
खडू रोज पुसला जातो,
रोज कोणीतरी पुन्हा ओढतं,
आणि मला का कोण जाणे वाटतं
गोल दर आठवड्याला थोडा मोठा होतोय.

चैत्रात एका दुपारी,
सातचा पाढा चालला असताना,
खिडकीतून गोरेवाड्याच्या अंगाला धूर दिसला.
पाढा एकोणपन्नासवर थांबला.
"बाई, आपल्या रेषेच्या अलीकडं का पलीकडं?"
इतक्या लांबून रेषा दिसत नाही, मी म्हटलं.
भलावींचा फोन लागत नव्हता.
मी पुन्हा लावला, पुन्हा.

वळून पाहिलं
तर शाहीन वर्गाच्या दारात, चप्पल घालून,
हातात तो गुलाबी दांड्याचा झाडू.