ट्रंक कॉल

दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावर
आता घरच बोलतं.
गॅसच्या नळीला झडप बसवली आहे, ती आपली आपण पडते.
पलंगाशी चटई; पाय टेकले की माझा फोन थरथरतो.
आणि दाराच्या चौकटीवर काडेपेटीएवढा डबा,
कडी निघाली की त्यातून माझा आवाज:
"आई, बाहेर अंधार आहे. आत ये, झोप."

तो आवाज मी मांडवीतल्या दुकानात भरला,
कूलरच्या घरघरीत.
दुकानदार म्हणाला, बेन, थोडुं प्रेमथी बोलो.
सात वेळा बोलले.
सातव्यांदा चिडले होते, नेमका तोच राहिला.

पहिल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
ती साडी नेसून, पर्स घेऊन दारात.
डबा बोलला.
मी पडद्याआड, श्वास धरून.
तिने डोक्यावर नसलेलं काहीतरी नीट बसवलं,
कानाशी हात नेला:
"हां, बडोदा. बोलो."

बत्तीस वर्षं रावपुऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये
तिने लोकांची माणसं लोकांना जोडून दिली.
नडियाद, पेटलाद, डभोई,
मुंबईमार्गे दारेसलाम.
कोण वारलं, कुणाचं फिसकटलं,
सगळं तिच्या कानांवरून गेलं
आणि घरी तिने कधी अक्षर काढलं नाही.
आता बाकी सगळं गेलंय,
ते न सांगणं तेवढं शाबूत.

कंपनीचा मुलगा म्हणाला होता,
आवाज ओळखीचा असला की पेशंट ऐकतात.
ऐकते की. कॉल लावणाऱ्या कुठल्याशा बाईचा.

डब्याने पुन्हा सांगितलं, आई, अंधार आहे.
"लाईन खराब आहे, बेन, जरा जोरात.
कोण हवंय म्हणालात? आई?
आईचं नाव सांगा."

सांगितलं मी, पडद्याआडूनच.
शरयू टिपणीस.

तिने हवेतून एक दोरी उचलली,
भोकं चाचपली, खालच्या ओळीत, डावीकडून चौथं.
थांबली.
"घंटा जातेय. उचलत नाहीत.
तुम्ही धरून ठेवा."

पर्स खुंटीला लावून ती आत गेली.
हातातला फोन थरथरला: पलंगावर बसल्या.

डब्यातलं वाक्य बदलायचं राहिलंय,
प्रेमाने बोलायचंही.
रात्री दोननंतर मी दाराशी स्टूल टाकून बसते.
तीन मिनिटं झाली की आतून आवाज येतो:
वाढवू?

वाढवा, म्हणते मी.